मागल्या बाकावरून

घरात माणसे वाढू लागली की त्याची चाहूल सर्वांआधी स्वयंपाकघराला लागते. कुकर लहान पडतो, परात बदलावी लागते, एकाच्या जागी दोन पंगती बसू लागतात. मग अंथरुणे-पांघरुणे वाढतात आणि पाळणा माळ्यावरून खाली उतरतो. मोटारीचा क्रमांक या यादीत बराच खाली असतो, कारण पाच जणांच्या गाडीत सहा जणांना दाटीवाटीने बसवण्याची कला आपल्या घराघरांतून पिढ्यानपिढ्या जोपासलेली आहे. परंतु सातवे माणूस जन्माला आले की ही कलाही थकते, आणि प्रवासाच्या दिवशी गाडीपाशी उभे राहून कोणी मागे राहावयाचे याचा खल सुरू होतो. आमच्या घरी हे सातवे माणूस गेल्या श्रावणात आले.

या सदराच्या वाचकांना आमच्याकडून ग्रंथांच्या आणि शब्दांच्या गोष्टी ऐकण्याची सवय आहे. या महिन्यात आम्ही मोटारगाडीविषयी लिहिणार आहोत, त्याबद्दल कोणी रुष्ट होऊ नये. परराज्यात राहणाऱ्या मराठी घरांना वाहन ही निव्वळ चैनीची वस्तू उरलेली नाही. आमच्या आदिलाबादचेच पाहा. गावाच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडे गेले, मुधोळ-भैंसा इकडे आले. जमिनीची वाटणी झाली, सोयरिकींची मात्र झाली नाही. आमच्या लेकी आजही यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरकडे नांदतात आणि सुना तिकडूनच येतात. लग्न, बारसे, तेरवी या कोणत्याही निमित्ताने नदी ओलांडावीच लागते. मोठे दुखणे आले तर दोनशे किलोमीटरवर नागपूर, नाहीतर तीनशेवर हैदराबाद. आमचे कुलदैवत माहूरची रेणुका, म्हणजे तीही पलीकडेच. तेव्हा वाहनात कोणाला जागा मिळते आणि कोणाला मिळत नाही हा प्रश्न आपल्याकडे नात्यांचा प्रश्न होऊन बसतो.

आमच्या आजोबांच्या काळी तो दमणीने सोडवला जाई. दमणी म्हणजे माणसांच्या प्रवासाची हलकी, छपराची बैलगाडी. बायका, मुले व वृद्ध आत बसत. धट्टीकट्टी माणसे मागून चालत. जागा संपली तर चालणाऱ्यांची संख्या वाढे, घरी मात्र कोणी राहत नसे. केसलापूरला पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. तिला मेस्राम कुळातील गोंड कुटुंबे बैलगाड्यांनी येतात ती याच रीतीने, आणि त्यांच्यात घरी कोणाला ठेवून आलात असे विचारण्याची वेळ फारशी येत नाही.

पुढे मॅटाडोर आली. बजाज टेम्पो कंपनीची, पुण्याकडची, मूळ जर्मन वळणाची ही गाडी ज्यांच्या लग्नाच्या वऱ्हाडात नव्हती असे आमच्या वयाचे गृहस्थ थोडेच असतील. तीत किती माणसे बसत हे कोणी मोजत नसे. पण ती भाड्याने आणावयाची वस्तू होती. घरी बाळगता येईल अशी, सर्व कुटुंबास पुरणारी बंदिस्त गाडी आपल्याकडे आली ती १९८४ साली, आणि या सालाचे आम्हांस नेहमी नवल वाटते. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९८३ च्या अखेरीस आपली पहिली मिनिव्हॅन बाहेर काढली आणि १९८४ सालची गाडी म्हणून विकली. फ्रान्समध्ये रेनॉने १९८४ च्या उन्हाळ्यात एस्पास ही गाडी आणली. त्याच वर्षी गुडगावच्या कारखान्यातून मारुतीची व्हॅन निघाली, जिला पुढे ओम्नी हे नाव मिळाले. तीन देशांत तीन निराळ्या मंडळींना एकाच सुमारास वाढत्या कुटुंबाची आठवण व्हावी, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

परंतु तिघींचे दैव सारखे नव्हते. अमेरिकेत बाजूला सरकणारे दार हे संसारी माणसाचे लक्षण ठरले. आपल्याकडे ७९६ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची ती चौकोनी डबी संसारी माणसाकडे थोडे दिवस राहिली आणि मग रुग्णवाहिका झाली, शाळेची गाडी झाली, दूध व पार्सले वाहू लागली. हिंदी चित्रपटांनी तर तिला मुले पळवणाऱ्यांचे अधिकृत वाहन करून टाकले. परिणामी सरकते दार दिसले की आपल्या मध्यमवर्गास ते हलक्या प्रतीचे वाटू लागले. आमच्या मते ही फार दुर्दैवाची गोष्ट झाली. अरुंद गल्लीत, भिंतीला लागून उभ्या असलेल्या गाडीतून एखाद्या वृद्ध बाईला उतरवून पाहावे, म्हणजे सरकत्या दाराची थोरवी कळते. अर्थात ओम्नीचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. तिचे इंजिन पुढच्या बैठकीखाली असे आणि चालकाच्या गुडघ्यांपुढे पातळ पत्र्याखेरीज फारसे काही नसे. टकरीच्या चाचणीचे कडक नियम आले तेव्हा ती त्यांत टिकण्याजोगी नव्हती, आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या जातीची ईको २०१० पासून आहे. तिला सरकते दारही आहे. आम्ही ती पाहिली. बाजारहाटाला व जवळच्या खेपांना ती चांगली, पण लहान मूल व म्हातारे माणूस घेऊन दोनशे किलोमीटर जावे असा तिचा बांधा आम्हांस वाटला नाही.

आता आमच्या घरची मोजदाद सांगतो. आम्ही, आमची सौभाग्यवती, ऐंशी ओलांडलेल्या मातोश्री, चिरंजीव, सूनबाई, चार वर्षांची नात आणि श्रावणात आलेले नातू, अशी सात माणसे झाली. विक्रेत्याचा तरुण प्रतिनिधी मोठ्या अदबीने म्हणाला, "सर, लहान बाळ मोजू नका. सहा धरा. सहा जणांच्या गाडीत मधल्या ओळीला दोन स्वतंत्र खुर्च्या मिळतात, फार ऐसपैस." त्या मुलाला आम्ही इतकेच सांगितले की २०११ च्या जनगणनेत आम्ही या गावात दारोदार फिरलो आहोत, आणि सरकारच्या त्या तक्त्यात कालच जन्मलेले मूलही पूर्ण एक म्हणूनच लिहावे लागत असे. कायद्याचे म्हणणेही तेच आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली, तीनुसार चौदा वर्षांखालील प्रत्येक मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाचे सुरक्षित आसन हवे. नसेल तर एक हजार रुपये दंड. मुलाला मांडी पुरे, हा आपला जुना समज मोटारीच्या वेगापुढे टिकत नाही. गाडी अकस्मात थांबली तर कितीही सशक्त बाप असो, हातातले मूल हातात राहत नाही. आणि पुढच्या बैठकीवर मांडीवर मूल असताना एअरबॅग उघडली, तर जी वस्तू मोठ्यांना वाचवते तीच त्या मुलाच्या जिवावर उठू शकते.

चिरंजीवांचे मत निराळे होते. ते बँकेत आहेत. आकड्यांवर त्यांची निष्ठा आहे. त्यांनी मागील वर्षाचा हिशेब मांडून दाखवला. सगळे कुटुंब एकत्र प्रवासाला गेले असे दिवस वर्षात फक्त नऊ निघाले. एरवी गाडीत दोन, फार तर चार माणसे असत. "बाबा, नऊ दिवसांसाठी सात जणांची गाडी वर्षभर कशाला पोसायची? पाचांची घेऊ. त्या नऊ दिवसांना मोठी गाडी भाड्याने सांगू." हिशेब चोख होता, आणि पुष्कळ घरांना हा सल्ला योग्यच ठरेल असे आम्ही आजही म्हणू. ज्यांच्या घरी चार-पाच माणसे आहेत आणि केवळ दिवाळीला पाहुणे येतात, त्यांनी मोठ्या गाडीच्या मोहात पडू नये. रिकाम्या आसनांनाही पेट्रोल लागते.

तथापि आमचा जन्म हजेरीपट भरण्यात गेला आहे. हजेरीपटात आलेल्या मुलांइतकीच न आलेल्या मुलांचीही नोंद होते. किंबहुना तो पट असतो तो त्यांच्यासाठीच. आम्ही चिरंजीवांना म्हटले की तुमच्या तक्त्यात आणखी एक रकाना वाढवा: ज्या दिवशी गाडी बाहेरगावी गेली आणि जागेअभावी कोणी घरी राहिले, असे दिवस किती? ते आठवून-आठवून लिहू लागले. सूनबाईंनी भर घातली, सौभाग्यवतींनी घातली. नांदेडचे लग्न, पांढरकवड्याचे बारसे, बासरला नातीचे अक्षरपूजन, कुंतल्याचा धबधबा. एकूण चौदा दिवस निघाले, आणि त्यांतले अकरा दिवस घरी राहिलेली व्यक्ती एकच होती. मातोश्री स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माझं काय, मले घरीच बरं वाटते," एवढेच त्या म्हणाल्या. हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी म्हणत असते, आणि ते खरे आहे की नाही याची शहानिशा गाडीत जागा असल्याखेरीज करता येत नाही. भाड्याच्या गाडीने हा प्रश्न सुटला असता असे वाटत नाही. तिचा बेत ठरतो आदल्या रात्री. आणि आदल्या रात्री ठरणाऱ्या बेतात सर्वांत आधी गळते ते सावकाश चालणारे माणूस.

तेव्हा सात आसने, हे ठरले. पण सात आसने म्हणजे सात माणसे नव्हेत, हे बाजारात गेल्यावर कळते. ही गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी, कारण जाहिरातीत ती सहसा लिहिलेली नसते. आपल्याकडे गाडीवरील कर लांबीवर ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून, चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० घनसेंटिमीटरच्या आत इंजिन असलेल्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्यापेक्षा मोठ्या गाडीवर ४० टक्के. म्हणून रेनॉची ट्रायबर ही सात आसनांची गाडी चार मीटरला किंचित कमी अशी बेतलेली आहे. मारुतीची एर्टिगा तिच्याहून सुमारे ४० सेंटिमीटरने लांब. एवढ्या हातभर लांबीने काय होते ते सामानाच्या जागेवरून समजते. तिन्ही ओळी मांडलेल्या असताना ट्रायबरच्या डिकीत ८४ लिटर जागा उरते, एर्टिगात २०९, टोयोटाच्या इनोव्हा क्रिस्टात ३००. लिटरचा हा हिशेब समजण्यास आपल्या मोरीतला पाण्याचा निळा ड्रम डोळ्यांपुढे आणावा. तो सामान्यतः दोनशे लिटरचा असतो. म्हणजे एर्टिगात सात माणसांनी मिळून एका ड्रमभर सामान न्यावयाचे. ट्रायबरमध्ये अर्ध्या ड्रमाहूनही कमी. तान्ह्या मुलाच्या दुपट्यांची एक पिशवीच तेवढी जागा मागते. एर्टिगाची सीएनजीवर चालणारी जात इंधनाच्या खर्चात मोठी बचत करते, पण तिची टाकी नेमकी याच जागेत बसवलेली असते. ज्यांना सामान टपावर बांधणे चालेल त्यांनी ती जरूर पाहावी. मात्र आपल्या वाटेवर पंप कोठे आहेत हे आधी विचारून घ्यावे.

ट्रायबरवर आम्ही अन्याय करू इच्छित नाही. तिची मागली आसने एकेक करून काढून घरी ठेवता येतात, ही युक्ती आम्हांस अतिशय पसंत पडली. ज्या घरात पाच मोठी माणसे आणि क्वचित दोन मुले अशी जुळणी आहे, त्यांना ती पुरेल. परंतु तिचे इंजिन एक लिटरचे. सात माणसे भरून निर्मळकडचा घाट चढावयाचा, तोही मे महिन्यात, पारा ४५ अंशांना टेकलेला आणि थंड हवेचे यंत्र चालू, अशा स्थितीत तिने चढ चढला खरा, पण धाप लागलेल्या माणसासारखा.

गाडी निवडण्याची आमची रीत अशी की मालकाने चालकाच्या जागी बसूच नये. शाळेची तपासणी करावयास येणारा अधिकारी जर जाणता असेल तर तो फळ्यापाशी उभा राहत नाही. मागल्या बाकावर जाऊन बसतो. तेथून फळा दिसतो का, गुरुजींचा आवाज पोहोचतो का, पंख्याचा वारा लागतो का, हे त्याला समजते. आम्ही प्रत्येक गाडीत मागल्या बाकावर शिरलो आणि दार लावून अर्धा-अर्धा तास बसलो. विक्रेत्याची मंडळी आमच्याकडे कुतूहलाने पाहत होती. त्यांच्या अनुभवात ग्राहक तेथे अर्धे मिनिट बसतो आणि "ठीक आहे" म्हणून बाहेर पडतो. अर्ध्या तासाने निराळ्या गोष्टी कळतात. गुडघे छातीशी येतात की मांड्या टेकतात? गारवा तेथवर येतो की पुढच्यांपाशीच संपतो? डोक्याला मागून आधार आहे का, आणि त्या आधारामागे काच किती बोटांवर आहे? पट्टा खांद्यावरून येतो की नुसता कमरेला? काही जुन्या जीपगाड्यांत मागे आडवे बाक असतात. त्यांवर बसणाऱ्याला ना पाठीला टेका ना पट्टा, आणि गतिरोधक आला की समोरच्याच्या पायांवर पाय.

पट्ट्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण मागे बसणाऱ्यास त्याची गरज नाही ही समजूत आपल्यात फार रुजलेली आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी मृत्युमुखी पडले. गाडी उंची व भक्कम होती; पुढे बसलेले दोघे वाचले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. त्यानंतर काही दिवस आपण सारे पट्टे लावीत होतो.

टकरीच्या चाचणीत गाडीला किती तारे मिळाले हेही चिरंजीवांनी शोधून आणले. हे तारे म्हणजे परीक्षेचे गुण, तेव्हा त्या बाबतीत आमचे काही ऐकावे. गुण पाहताना प्रश्नपत्रिका कोणत्या वर्षाची ते पाहावे. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या परीक्षेत एर्टिगाला २०१९ मध्ये तीन तारे होते; २०२२ मध्ये परीक्षा कठीण झाली आणि २०२४ मध्ये त्याच गाडीला एकच तारा मिळाला. ट्रायबरचे चार तारे २०२१ चे, म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिकेचे. २०२५ मध्ये एर्टिगाच्या सर्वच प्रकारांत सहा एअरबॅगा देण्यात आल्या, तेव्हा २०२४ चा निकालही तसाच्या तसा धरता येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप ही परीक्षाही सुरू झालेली आहे. घेतेवेळी त्या-त्या गाडीचा ताजा निकाल पाहावा. आम्ही एका ताऱ्याकडे डोळेझाक केली नाही. त्याची भरपाई म्हणून घरात नियम केला की रात्री हमरस्त्यावर जावयाचे नाही आणि वेग ऐंशीच्या पुढे न्यावयाचा नाही. चिरंजीव या दुसऱ्या कलमावर अद्याप कुरकुर करतात.

नागपूरहून एक जुनी इनोव्हाही सांगून आली होती, २०१४ सालची, डिझेलवरची, सुस्थितीतली. बैठक राजेशाही, सामानाला जागा. पण सरहद्दीवर राहणाऱ्यांनी पलीकडची जुनी गाडी घेताना किमतीपुढचा हिशेब करावा. मूळ कार्यालयातून ना-हरकत पत्र आणावे लागते, इकडे पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि तेलंगणाचा आजीवन कर भरावा लागतो. महाराष्ट्राचा क्रमांक ठेवून गाडी इकडेच चालवू, असे पुष्कळजण करतात. कायदा बारा महिन्यांपलीकडे ते चालू देत नाही. शिवाय नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची. म्हणजे २०२९ मध्ये पुन्हा तपासणी आणि नूतनीकरण. या सर्वांवरही मार्ग निघाला असता. पण मातोश्रींना तिची पायरी चढवेना. दोन वेळा त्यांनी पाय उचलला आणि दोन्ही वेळा खाली ठेवला. जीपवजा उंच गाड्या याच परीक्षेत नापास झाल्या. एर्टिगाच्या मधल्या बैठकीवर त्या खुर्चीवर बसावे तशा आधी टेकल्या आणि मग पाय आत घेतले. आमच्या लेखी निम्मा निर्णय तेथेच झाला.

उरलेला निम्मा मात्र जवळजवळ तासभर लांबला. तान्ह्या मुलाचे आसन पाठमोरे, मधल्या ओळीत पट्ट्याने घट्ट बांधलेले असते. ते एकदा बांधले की त्या बाजूची बैठक पुढे सरकवता येत नाही. आणि ती सरकवल्याविना मागल्या ओळीत जावयाचा मार्ग नाही. नातीचेही आसन मधल्या ओळीत ठेवले तर दोन्ही दारे बंद, आणि मागला बाक नुसता शोभेचा. सहा जणांच्या गाडीत मधोमध वाट असते, म्हणून ज्यांच्या घरी दोन लहान मुले आहेत आणि माणसे सहाच आहेत त्यांनी ती गाडी अवश्य पाहावी. आम्ही सात. शेवटी सूनबाईंनी एक कागद घेतला आणि आकृती काढली. बाळाचे आसन उजवीकडे, चालकाच्या मागे. मध्ये स्वतः सूनबाई. डावीकडे, दाराशी, मातोश्री. सौभाग्यवतींना घाटात मळमळते, म्हणून त्या पुढे. मागल्या ओळीत नात, तिच्या मापाच्या उंच आसनावर, आणि तिच्या शेजारी आम्ही. मागच्या काचेजवळ मूल नको असे सूनबाईंना वाटत होते, आणि ते रास्तच होते. पण दुसरी कोणतीही मांडणी केली की एक माणूस बाहेर उरत होते.

या मांडणीत चढण्याचा क्रम ठरून जातो. आधी डावी बैठक पुढे करून आम्ही व नात मागे शिरावयाचे, मग सूनबाई, आणि सर्वांच्या शेवटी मातोश्री. उतरताना उलट, त्या उतरल्याखेरीज मागचे कोणी बाहेर पडू शकत नाही. हे समजावून सांगितल्यावर मातोश्री थोडा वेळ त्या आकृतीकडे पाहत राहिल्या. "म्हणजे मले दारच करून ठेवलं म्हणा ना, बाप्पा," त्या म्हणाल्या. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी शेजारणीला हा बेत सविस्तर सांगितला, त्यांच्यावाचून गाडी हलू शकत नाही या भागावर विशेष भर देऊन.

पैशाविषयी एकच गोष्ट. २०२१ मध्ये तेलंगणात सरकारी सेवकांचे निवृत्तीचे वय ५८ चे ६१ झाले. आम्हांला सेवेची चार वर्षे उरली आहेत. विक्रेता सात वर्षांचे हप्ते सुचवीत होता, महिन्याचा आकडा लहान दिसावा म्हणून. आम्ही चार वर्षांचेच घेतले, आणि त्यासाठी वरच्या प्रतीची गाडी सोडून मधली घेतली. चकचकीत चाके आणि मोठा पडदा यांवाचून सात माणसांचे काही अडत नाही. गाडी हाती आली की पूर्ण भाराने जाताना चाकांत हवा किती असावी याचा चालकाच्या दारापाशी चिकटवलेला तक्ता मात्र वाचावा. दोन माणसांची हवा आणि सातांची हवा एक नसते.

गाडी पुढील महिन्यात येईल. नोंदणी अर्थात टीजी ०१. आंध्र असताना एपी ०१ होता, मग टीएस ०१ झाला, २०२४ पासून टीजी. अक्षरे बदलली, आमच्या जिल्ह्याचा पहिला क्रमांक कायम आहे. पहिला प्रवास किनवटमार्गे माहूरचा ठरला आहे. गडाच्या पायऱ्यांसाठी डोली सांगावी लागेल, ते चिरंजीव पाहतील. मातोश्रींची तयारी आतापासून सुरू झाली असून त्यांनी पितळेचा फिरकीचा तांब्या चिंचेने घासून ठेवला आहे. शोरूममध्ये पाण्याच्या बाटल्या ठेवण्याचे इतके खळगे आम्हांला कौतुकाने दाखवण्यात आले. त्यांतील एकातही तो तांब्या बसत नाही. दोन पिशव्यांच्या मध्ये, त्यांच्या पायांशी, तो घट्ट रोवून ठेवावा लागणार आहे.